आतला 'कॅम्प' आणि विंगमधला गोळ्यांचा डबा

होस्टेलच्या कुठल्याही विंगमध्ये जा, एका तरी रूममध्ये तो डबा सापडणारच. कधी श्रीखंडाचा रिकामा डबा, कधी बुटांचा खोका. आत अर्ध्या संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. काहींवर नाव आहे, काहींचं कापताना गेलंय. एक्स्पायरी डेट बघायची पद्धत नाही. हा डबा म्हणजे विंगची सार्वजनिक मालमत्ता. घसा धरला, नाक गळलं, मेसच्या छोल्यांनी पोटात गडबड केली की डबा उघडतो. "ही घे, मागच्या सेमला मला दोन दिवसांत फरक पडला होता," असं थर्ड इयर मेकॅनिकलचा कुणीतरी म्हणतो आणि फर्स्ट इयरवाला ती निमूट गिळतो. ना तपासणी, ना निदान, ना डोसचा हिशेब. कन्सल्टिंग फी, एक कटिंग.

याच विंगमध्ये दुसराही एक पंथ आहे. तो गोळ्यांना हात लावत नाही, पण त्याच्या टेबलावर 'इम्युनिटी' लिहिलेली पावडर, थेंब आणि काढ्याची बाटली असते. २०२० च्या कोरोनानंतर या शब्दाला असा काही भाव आला की, तो छापल्याशिवाय डबा विकलाच जात नाही की काय असं वाटावं.

हे दोन पंथ एकमेकांना हसतात, पण माझ्या मते दोघांची समजूत एकच आहे. शरीराची संरक्षणव्यवस्था म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी, लेव्हल कमी झाली की बाहेरून भरायची, आणि जितकी भरलेली तितकी चांगली! ही समजूत चुकीची आहे. ती किती चुकीची आहे हे दाखवायला मी आपल्या सगळ्यांच्याच शरीरात असलेलं एक जनुक साक्षीदार म्हणून उभं करतो.

या जनुकाचं नाव आहे कॅम्प. एनएसएसचा तो कॅम्प नव्हे! कॅथेलिसिडिन नावाच्या जिवाणूरोधक पेप्टाइडचं हे जनुक, माणसाच्या तिसऱ्या गुणसूत्रावर बसलेलं. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, प्रथिनाचं लहान भावंड. गाईला, डुकराला अशी कॅथेलिसिडिनं अनेक आहेत, माणसाला मात्र हे एकच. या जनुकावरून शरीर आधी १७० अमिनो आम्लांचं एक लांबलचक प्रथिन बनवतं. त्याच्या शेवटचा ३७ अमिनो आम्लांचा तुकडा कापून वेगळा झाला की तयार होतं खरं हत्यार, एलएल-३७. नावाचं गणित सोपं आहे. सुरुवातीला ल्युसिन नावाची दोन अमिनो आम्लं, म्हणून 'एलएल', आणि एकूण लांबी ३७. आपल्या पांढऱ्या पेशींत, त्वचेत, फुप्फुसाच्या नळ्यांच्या अस्तरात, आतड्यात सगळीकडे हे हजर असतं. म्हणजे तुमच्या-माझ्या अंगात स्वतःचं अँटिबायोटिक बनवायचा कारखाना आहे आणि त्याचं लायसन्स फार जुनं आहे.

याचा शोध कसा लागला तेही ऐकण्यासारखं आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग म्हटलं की आपल्याला पेनिसिलिन आठवतं, १९२८ चं. पण त्याच्या सहा वर्षं आधी, १९२२ मध्ये, याच माणसाने लायसोझाइमबद्दल लिहिलं होतं. जिवाणू विरघळवणारा हा पदार्थ त्याला सापडला चक्क नाकातल्या शेंबडात! पण पुढे पेनिसिलिनचा एवढा बोलबाला झाला की, शरीराच्या स्वतःच्या हत्यारांकडे बरीच वर्षं कमी लक्ष गेलं. १९८१ मध्ये स्वीडनच्या हान्स बोमान यांच्या गटाने सिक्रोपिया नावाच्या पतंगात जिवाणू मारणारी पेप्टाइडं शोधली. १९८७ मध्ये अमेरिकेत मायकेल झास्लॉफ यांना प्रश्न पडला की, शस्त्रक्रिया करून साध्या टाकीतल्या पाण्यात परत सोडलेल्या बेडकांच्या जखमा चिघळत कशा नाहीत? त्यांना बेडकाच्या कातडीत अशीच पेप्टाइडं मिळाली. हिब्रू भाषेत ढालीला 'मागेन' म्हणतात, त्यावरून त्यांनी नाव दिलं मॅगेनिन. आणि १९९५ मध्ये तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी माणसाचं हे जनुक जवळजवळ एकाच वेळी शोधून काढलं.

आता हे काम कसं करतं? इथे आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांना बरं वाटेल, कारण सुरुवात साध्या स्थिरविद्युत आकर्षणाने होते. एलएल-३७ वर एकूण धन प्रभार असतो, सहाच्या आसपास. जिवाणूच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो. आपल्या पेशींची बाहेरची बाजू मात्र बरीचशी उदासीन असते आणि त्यांच्या पटलात कोलेस्टेरॉल असतं. त्यामुळे हे पेप्टाइड आपल्या पेशींपेक्षा जिवाणूकडे जास्त ओढलं जातं. तिथे पोचल्यावर ते स्प्रिंगसारखं वेटोळं घेतं, एक बाजू पाण्याची मैत्रीण, दुसरी तेलाची. मग ते जिवाणूच्या पटलात घुसतं आणि पटल फाटतं.

"एवढासा तुकडा, त्याने काय फरक पडतो?" असं कुणी म्हणेल. फरक पडतो, आणि तो कुठे ती गोष्ट नसते किंवा कमी पडते तिथे दिसतो. स्वीडनमध्ये कोस्टमन यांनी वर्णन केलेला एक जन्मजात आजार आहे. त्यात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. पुढे औषध आलं आणि या मुलांच्या पेशींची संख्या वाढवता येऊ लागली. रिपोर्ट सुधारला! पण हिरड्यांचा आजार काही जाईना, दात पडत राहिले. २००२ मध्ये कारण कळलं. पेशींची संख्या भरली होती, पण त्यांच्यात एलएल-३७ नव्हतं. ज्या एका रुग्णावर अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालं होतं त्याच्यात ते जवळजवळ नेहमीइतकं होतं आणि त्याच्या हिरड्याही ठीक होत्या. म्हणजे फौज उभी आहे, पण हातात बंदुका नाहीत, असा प्रकार.

दुसरं उदाहरण शेजारच्या बांगलादेशातलं. शिगेला हा रक्ती आवेचा जिवाणू. ढाक्यातल्या रुग्णांच्या आतड्यांच्या अस्तरावर अभ्यास झाला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की, आजाराच्या सुरुवातीलाच शिगेला आतड्यातलं एलएल-३७ चं उत्पादन खाली आणतो. आधी फ्यूज काढायचा आणि मग घरात शिरायचं, अशी ही चोराची हुशारी. पुढे २००६ मध्ये शिगेलाची लागण झालेल्या सशांना ब्युटिरेट दिल्यावर बंद पडलेलं उत्पादन परत सुरू झालं आणि आजारही कमी झाला. ब्युटिरेट म्हणजे आपण खाल्लेल्या चोथ्यापासून आतड्यातले चांगले जिवाणू जे बनवतात तेच. सशांवरच्या प्रयोगावरून मेसच्या कोशिंबिरीला औषधाचा दर्जा देता येणार नाही. पण अँटिबायोटिकचा मारा केला की चोथ्यावर जगणारे हे जिवाणूही मरतात, एवढं तरी डबा उघडताना लक्षात असू द्या.

इथवर वाचून इम्युनिटीवाला पंथ खूश झाला असेल. "बघा, आम्ही तेच म्हणत होतो! वाढवा हे एलएल-३७!" थांबा जरा. गोष्टीचा दुसरा अर्धा भाग अजून यायचाय, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा आहे.

मघाशी म्हटलं, शरीर आधी लांब प्रथिन बनवतं आणि नंतर त्यातून हत्यार कापून काढतं. असं का? थेट हत्यारच का नाही बनवत? कारण ते जपून ठेवायचं असतं, सेफ्टी कॅच लावून. लांब प्रथिन निष्क्रिय असतं. न्यूट्रोफिलमध्ये ते एका कप्प्यात आणि ते कापणारं विकर वेगळ्या कप्प्यात असतं. गरज पडली की दोघांची गाठ पडते. त्वचेत हे कापायचं काम कॅलिक्राइन नावाची विकरं करतात. हे कापणं बिघडलं तर? रोझेशिया नावाचा त्वचारोग आहे, त्यात गाल-नाक लाल होतं, पुळ्या येतात. २००७ च्या एका संशोधनात दिसलं की, या रुग्णांच्या त्वचेत कॅथेलिसिडिन जास्त, ते कापणारं विकरही जास्त, आणि तुकडेही नेहमीपेक्षा वेगळे. त्याच वर्षी सोरायसिसबद्दल आणखी एक गोष्ट समोर आली. मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेला आपलाच डीएनए एलएल-३७ ला चिकटतो, आणि ही जोडी आपल्याच रोगप्रतिकारक पेशींना शत्रूसारखी वाटते. मग त्या चवताळतात आणि हल्ला घरच्यांवरच होतो. ल्युपस या आजारातही अशाच जोडीचा हात असल्याचं २०११ मध्ये दाखवलं गेलं. कर्करोगात तर हे पेप्टाइड दोन्ही डगरींवर उभं असतं. काही गाठींना ते रोखताना दिसतं, काहींना वाढायला मदत करताना.

२००२ मधला एक अभ्यास तर मला सगळ्यात बोलका वाटतो. त्यात दोन त्वचारोग शेजारी ठेवून पाहिले होते. एक इसब, म्हणजे एक्झिमाचा ॲटॉपिक प्रकार, आणि दुसरा सोरायसिस. दोन्हींत त्वचा लाल, सुजलेली. इसबात एलएल-३७ कमी पडतं आणि त्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूंची लागण वारंवार होते. सोरायसिसमध्ये ते भरपूर असतं, जिवाणूंची लागण क्वचित होते, पण वर सांगितलेला घरचाच गोंधळ चालू राहतो. आता सांगा, 'बूस्टर' कुणाला द्यायचा?

औषध म्हणून हे पेप्टाइड वापरून पाहिलं तेव्हाही तेच दिसलं. पायावरच्या लवकर न भरणाऱ्या जखमांवर एलएल-३७ लावून २०१४ च्या सुमारास एक छोटी चाचणी झाली. कमी आणि मध्यम मात्रेने जखमा लवकर भरल्या, सगळ्यात जास्त मात्रेने फायदा दिसला नाही. पुढच्या मोठ्या चाचणीत सगळे रुग्ण एकत्र धरले तर अपेक्षित फायदा सिद्धच झाला नाही. कंट्रोल सिस्टिमचा पेपर देऊन आलेल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. फक्त गेन वाढवत नेला तर सिस्टिम सुधारत नाही, ऑसिलेट व्हायला लागते. शरीराची प्रतिकारशक्ती ही टाकी नाही, ती क्लोज्ड लूप आहे. तिचा मोठेपणा वेळेवर चालू होण्यात आणि तितकाच वेळेवर बंद होण्यात आहे.

आता उन्हाचा आणि ड जीवनसत्त्वाचा विषय. यात दोन्ही पंथांना शिकण्यासारखं आहे. स्ट्रेप्टोमायसिन येण्याआधी क्षयरोग्यांना सॅनिटोरियममध्ये मोकळ्या हवेत आणि उन्हात ठेवत. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीला असं सॅनिटोरियम होतं. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना तर त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल १९०३ चं नोबेल मिळालं. आणि २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी दाखवलं की, क्षयाच्या जंतूची चाहूल लागली की आपल्या पेशी ड जीवनसत्त्वाच्या मदतीने थेट कॅम्प जनुकाचा स्विच दाबतात आणि तयार झालेलं कॅथेलिसिडिन त्या जंतूला मारतं. गंमत म्हणजे हा स्विच माणसात आणि इतर वानरवर्गीय प्राण्यांत आहे, उंदरात नाही!

किती सुंदर सिद्धांत. मग काय, ड जीवनसत्त्व द्या आणि क्षय पळवा? लोकांनी ते करून पाहिलं, नुसत्या गप्पा मारल्या नाहीत. २०१५ मध्ये भारतातल्याच क्षयरुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. नेहमीच्या औषधांबरोबर ड जीवनसत्त्व दिल्याने थुंकीतले जंतू काही लवकर गेले नाहीत. २०२० मध्ये मंगोलियातला निकाल आला. ८,८५१ शाळकरी मुलं, तीन वर्षं, दर आठवड्याला डोस. बहुतेकांच्या रक्तात हे जीवनसत्त्व आधी कमीच होतं, म्हणजे फायदा दिसायचाच तर इथे दिसायला हवा होता. क्षयाची लागण दोन्ही गटांत सारखीच! याचा अर्थ २००६ चं संशोधन खोटं होतं असा नाही. काचेच्या बशीतला स्विच आणि जिवंत माणूस यांत बरंच अंतर असतं, एवढाच. कमतरता असेल तर डॉक्टर सांगतील तसं ड जीवनसत्त्व घ्यावंच, हाडांसाठी ते लागतंच. लायब्ररीतून उठून संध्याकाळी ग्राउंडवर गेलात तर त्याला कोणत्याही संशोधनाची हरकत नाही. पण बाटलीवरच्या 'इम्युनिटी' या शब्दावर पैसे घालवण्याआधी विचारा, माणसांवर चाचणी झाली का? किती जणांवर? निकाल काय लागला? व्हायव्हाला एक्स्टर्नल आपल्याला विचारतात तितक्याच निर्दयपणे विचारा.

आता परत डब्याकडे. साधी सर्दी आणि बहुतेक घसेदुखी विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. दोन दिवसांत जो 'फरक' पडतो तो गोळी न घेताही पडला असता. श्रेय गोळीला जातं, काम आतल्या मंडळींनी केलेलं असतं. ग्रुप प्रोजेक्टमध्ये होतं अगदी तसंच! पण नुकसान मात्र खरं आहे. गोळीतून वाचलेले जिवाणू टिकतात, वाढतात, आणि त्यांची प्रतिकाराची जनुकं दुसऱ्या जिवाणूंकडेही जातात. जगात २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे थेट १२.७ लाख मृत्यू झाले असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

यापुढची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतलं अँटिबायोटिक. तेही एक धन प्रभाराचं पेप्टाइडच, आपल्या एलएल-३७ च्या नात्यातलं म्हणा. कोंबड्या-डुकरांची वाढ व्हावी म्हणून ते वर्षानुवर्षं खाद्यात घातलं गेलं. २०१५ मध्ये चीनमध्ये एमसीआर-१ नावाचं जनुक सापडलं. ते एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातं आणि पृष्ठभागावरचा ऋण प्रभार कमी करून कोलिस्टिनला चकवतं. भारताने जुलै २०१९ मध्ये जनावरांच्या खाद्यात कोलिस्टिन वापरायला बंदी घातली ते बरंच झालं. पण २०२३ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की, हे जनुक असलेले ई. कोलाय जिवाणू प्राण्यांच्या आणि माणसाच्या स्वतःच्या संरक्षक पेप्टाइडांपुढेही जास्त टिकतात आणि मानवी रक्तद्रवातही जास्त तग धरतात. म्हणजे बाहेरचं औषध बेफिकिरीने वापरून आपण फक्त ते औषध बोथट करत नाही, आपल्या आतली ढालही कमकुवत करण्याची सोय शत्रूला करून देतोय. औषधाऐवजी दुसरं औषध शोधता येईल. तिसऱ्या गुणसूत्रावरच्या त्या एकुलत्या एक जनुकाऐवजी दुसरं कुठून आणणार?

"लेक्चर देणं सोपं आहे रे, पण डॉक्टर कुठे आहे?" हा प्रश्न विंगमधून येणारच, आणि तो रास्त आहे. आपल्या डिस्पेन्सरीची वेळ अकरा ते एक. त्याच वेळेला प्रॅक्टिकल. पंच्याहत्तर टक्के अटेंडन्सची टांगती तलवार डोक्यावर असताना घसा दाखवायला कोण जाणार? मग गेटबाहेरचं मेडिकल आणि विंगमधला डबा हेच डॉक्टर होतात. त्यामुळे सगळा दोष पोरांच्या माथी मारणं मला मान्य नाही. रेक्टर सर आणि होस्टेल कमिटी यांच्याकडे माझं मागणं तीनच गोष्टींचं आहे. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस तरी संध्याकाळी सहा ते आठ बसावेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर प्रॅक्टिकलची गैरहजेरी माफ होऊन ते पुन्हा करायला मिळावं. आणि डिस्पेन्सरीत एक पेटी ठेवावी, तिच्यात उरलेल्या गोळ्या टाकता येतील आणि त्यांची रीतसर विल्हेवाट लागेल. यात बिल्डिंग बांधायची नाही, टेंडर काढायचं नाही.

आणि आपल्याकडून? अँटिबायोटिक डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय घ्यायचं नाही. लिहिलं तर सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितले तितके दिवस घ्यायचं. दुसऱ्याची उरलेली गोळी घ्यायची नाही, आपली द्यायची नाही. पट्टीवर उभी लाल रेघ दिसली की समजायचं, हे चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही. मात्र ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही, श्वास लागला, शौचातून रक्त गेलं, दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला, तर 'आतलं जनुक बघून घेईल' म्हणून अंगावर काढायचं नाही. आतल्या व्यवस्थेवर विश्वास ठेवणं वेगळं आणि तिला एकटं सोडणं वेगळं.

सबमिशनच्या आठवड्यात हे सगळं लक्षात राहणार नाही, मला माहीत आहे. म्हणून एकच काम सांगतो, ते आजच करता येईल. विंगमधला तो डबा उघडा, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं आणि बँडएड त्यात राहू द्या, बाकीचं काढा आणि डिस्पेन्सरीत नेऊन द्या. श्रीखंडाचा डबा रिकामा झाला, की त्यात घरून आलेला चिवडा भरता येतो.